जर्मनच्या होडीतला थर्माकोल

होडीच्या बैठकांमधला थर्माकोल मी काढला होता. दाजींनी नव्हे, होडीच्या मूळ मालकानंही नव्हे. तो कुठं गेला हे मला पक्कं माहीत होतं, आणि बैठकांच्या आत काय होतं असं दाजींनी विचारलं तेव्हा ‘काही नव्हतं, मोकळंच होतं’ असं मीच सांगितलं. एवढं लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आता लिहिताना हात अडखळत नाही, कारण जिथं बोलायला हवं होतं तिथं ते बोलून झालं आहे. उलट एक गंमत अशी झाली की ज्या पावसाळ्याची आठवण मी इतकी वर्षं टाळत आलो, तो आता मला सुखानं आठवता येतो. म्हणून आधी तोच लिहितो.

आमचं घर राधानगरीच्या धरणाच्या फुगवट्याकाठी, चढावर. धरणाचं पाणी उन्हाळ्यात लांब ओसरायचं आणि गणपतीच्या सुमारास पार आमच्या खालच्या खाचरापर्यंत यायचं. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एकच कुडाची भिंत होती, त्यामुळं आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि म्हशीच्या साखळीचा आवाज मी कायम एकत्रच ऐकला. पावसाळ्यात कपडे चुलीवरच्या दांडीला वाळत. आमच्या अंगाला धुराचा वास येतो असं शाळेतले मास्तर म्हणायचे आणि ते खरंच होतं. जेवायला नाचणीची भाकरी आणि खाचरातल्या खेकड्यांचा रस्सा. तो रस्सा आई इतका तिखट करायची की जेवून उठल्यावर थंडी वाजायची नाही. आबा, म्हणजे माझे वडील, जेवताना बोलत नसत, पण ताटावरून उठले की त्यांचा आवाज पलीकडच्या वाडीला ऐकू जाई. रागानं नव्हे. आमच्याकडं सगळेच तसे बोलतात, कारण कौलांवर पाऊसच तेवढा वाजत असतो.

होडी आमच्याकडं आली ती अशी. फुगवट्याची खोली मोजायला आलेल्या एका ठेकेदारानं आपलं सामान आमच्या खोपीत ठेवलं होतं. काम अर्धवट टाकून तो गेला, आणि मग निरोप आला की होडी तुम्हीच ठेवून घ्या, न्यायला गाडी परवडत नाही. अ‍ॅल्युमिनियमची होडी. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आमच्याकडं जर्मन म्हणतात, म्हणून ही जर्मनची होडी. बूड सपाट, पुढचं तोंडही टोकदार नव्हे, कापल्यासारखं सरळ. आई तिला परात म्हणायची. आबांना तिचा काही उपयोग सुचला नाही. कोंबड्या मात्र तिच्याखाली सुखानं अंडी घालू लागल्या.

तिचा उपयोग सुचला दाजींना. माझी थोरली बहीण, आक्का, आदल्याच साली आजऱ्याकडं दिली होती. पंचमीला तिला माहेरी सोडायला दाजी मोटारसायकलवरून आले, चहा पिऊन खोपीकडं गेले आणि होडीभोवती नव्या म्हशीभोवती फिरावं तसे फिरले. उंच माणूस, भरघोस मिशा, आणि कुठल्याही गोष्टीचं वेड घ्यायला कायम तयार. घरच्या काजूच्या बागा होत्या, आणि रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची एकनळी बंदूक. हिवाळा लागला की ते ती बदकांवर चालवत. बदकं मारायला तेव्हाही बंदीच होती. पण आमच्या भागात त्या बंदीचा विचार जंगलखात्याचा माणूस जवळपास आहे की नाही एवढ्यापुरताच व्हायचा. आज मला हे लिहायला बरं वाटत नाही, पण तेव्हा अडई बदकाचा रस्सा ही आमच्याकडं कौतुकानं बोलायची गोष्ट होती, आणि मीही बोलायचो.

“मामा,” दाजी आबांना म्हणाले. आमच्याकडं जावई सासऱ्याला मामा म्हणतो. “ही होडी न्हवं, ही बदकांची गाडी हाय. फकस्त जरा सजवायला पायजे.”

“सजवा की,” आबा म्हणाले. “बेंदराला बैल सजिवतोय, पंचमीला होडी सजवू.”

“जावयाला दुसरा उद्योग न्हाय व्हय?” आई आतून म्हणाली. आक्का तिच्या शेजारी बसून हसत होती. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं, कारण त्यानंतर त्या स्वयंपाकघरात ती फार वेळा हसली नाही.

पुढचे दोन-अडीच महिने दाजी आठवड्यातून एकदा तरी यायचे. पहिला प्रश्न होता चकाकण्याचा. “उन्हात आरशावाणी चमाकतिया,” ते म्हणाले. “बदकांनी काय हिच्यात तोंड बघाय यायचं व्हय?” आम्ही तिला रंग दिला तर तो दोन दिवसांत पापडासारखा सुटून आला. मग आईनं सुचवलं की सारवून काढा. आम्ही खरोखरच ती होडी शेणमातीनं सारवली, आतून आणि बाहेरून, आणि ती इतकी छान दिसली की शेजारच्या बायका बघून गेल्या. पाण्यात ढकलली आणि सगळं सारवण धुऊन निघालं. खाली परत परात. शेवटी दाजींनी पत्रा घासून खरखरीत केला, त्यावर तांबडा रंग आणि त्याच्यावर म्हशीच्या अंगावरच्या चिखलासारखा एक रंग कालवून चढवला. तो मात्र बसला.

दुसरा प्रश्न आवाजाचा. होडीत साधं पाऊल हललं तरी ढोल वाजल्यासारखा आवाज व्हायचा. तळाला गोणपाट शिवून अंथरलं, त्यावर आईची एक जुनी वाकळ, आणि वल्ही जिथं घासायची तिथं सायकलची ट्यूब गुंडाळली. तिसरं काम आडोशाचं. बांबूच्या कांबी वाकवून दोन्ही कडांवर कमानी केल्या आणि त्यांत लव्हाळा आणि हिरवं गवत विणलं. लांबून बघितलं तर पाण्यात एखादं बेटच वाटावं. त्या कौतुकात आम्ही होडी गोठ्याच्या तोंडाशी ठेवली, आणि जेवून येईपर्यंत म्हशीनं एका बाजूचा सगळा आडोसा खाऊन टाकला. दाजी कमरेवर हात ठेवून बघत राहिले. “मामा, तुमच्या म्हशीला बदकापेक्षा जास्त कळतंय,” ते म्हणाले. दुसऱ्या खेपेला आम्ही वाळका लव्हाळा वापरला.

चौथं काम माझ्यावर आलं. होडीत आडव्या तीन बैठका होत्या, प्रत्येक म्हणजे चारी बाजूंनी बंद असा पत्र्याचा डबा. काडतुसं आणि भाकऱ्या कोरड्या राहाव्यात म्हणून त्या डब्यांना वरून झाकणं करायची दाजींची कल्पना होती. “रिव्हेट छिन्नीनं उडीव, पत्रा उचल, बिजागऱ्या मी घेऊन येतो,” असं सांगून ते आजऱ्याला गेले. मी दुपारी एकटाच खोपीत बसलो आणि पहिली बैठक उघडली. आत थर्माकोल होता. पांढऱ्याशुभ्र, हातभर जाड वड्या, एकमेकींना घट्ट चिकटवून बसवलेल्या. तिन्ही बैठकांत तेच.

त्या वयात माझ्यासाठी थर्माकोल म्हणजे फक्त गणपतीचं मखर. तालमीच्या पोरांनी त्या साली देवळाची आरास धरली होती आणि खांबांना जाड थर्माकोल मिळत नव्हता. कोल्हापुरातून आणायचा तर एसटीत मोडायचा. मी तालमीत कुणी नव्हतो. कुस्तीत अंग नाही, ढोल वाजवायला हात नाही, वर्गणीच्या फेरीत मी मागं पिशवी धरून चालणारा. मी त्या वड्या पोत्यात भरून तालमीत नेल्या तेव्हा पोरांनी मला जागा करून दिली आणि गरम तारेनं थर्माकोल कापायचं काम माझ्या हातात दिलं. तार लागली की तो लोण्यासारखा कापला जायचा आणि नाकात झोंबणारा गोडसर वास यायचा. मी घरी आलो तर माझ्या केसांत, बाह्यांत पांढरे मणी. आईनं रात्रीच्या भातातून एक मणी काढला आणि म्हणाली, “हे काय ल्येका, तांदूळ न्हवं आणि मीठ न्हवं.” मी आराशीचं आहे म्हणालो. ते खोटं नव्हतं.

खोटं नंतर बोललो. दाजी बिजागऱ्या घेऊन आले, डबे मोकळे बघून खूश झाले आणि वाकून आत हात फिरवत म्हणाले, “आत काय हुतं रं?” मी म्हणालो, “काय न्हाय दाजी. मोकळंच हुतं.” होडीत थर्माकोल कशासाठी असतो हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, ही खरी गोष्ट. इतकी वर्षं मी तिच्याच आधारानं दिवस काढले. पण कुणी उगीच एवढा थर्माकोल कोंबून वरून पत्रा रिव्हेटनं बंद करत नाही, हे समजायला मी पुरेसा मोठा होतो. विचारलं असतं तर परत आणावा लागला असता, आणि तोवर त्याचे खांब झाले होते. आमच्या आराशीला त्या साली पंचक्रोशीत पहिला नंबर आला.

दिवाळीला आक्का आणि दाजी आले. पाडव्याच्या दुसऱ्या सकाळी, आक्कानं मला ओवाळायच्या आधी, होडी पहिल्यांदा कामाला निघाली. पाण्यावर धुकं होतं. होडीत दाजी आणि आबा, मी काठावर. आबांनी अंगावर घोंगडं घेतलं होतं आणि त्यांना पोहता येत नव्हतं. आमच्यासारख्या पाण्याकाठच्या पुष्कळ शेतकऱ्यांना येत नाही. “मी नुसता बसून बघनार,” ते म्हणाले. आक्का चढावर परकर-पोलक्यातल्या पोरीसारखी उकिडवी बसली होती. होडी आवाज न करता गेली. लव्हाळ्याचं ते बेट धुक्यात सरकताना बघून मला अभिमान वाटला, कारण झाकणांच्या बिजागऱ्या मीही ठोकल्या होत्या.

बदकांचा थवा उठला, शीळ घातल्यासारखा आवाज करत. दाजी उभे राहिले. आबा “बसा, बसून मारा,” असं म्हणाल्याचं मला काठावर ऐकू आलं. बार झाला, धक्क्यानं दाजी मागं गेले, आबा घाबरून एका बाजूला झुकले आणि होडीची कड पाण्याखाली गेली. पाणी आत शिरलं. अशा वेळी होडी पाण्यानं भरली तरी तरंगत राहते, तिला धरून माणूस तासभर लोंबकळू शकतो, त्या थर्माकोलचं कामच ते, हे मी पुढं एका होडीवाल्याकडून ऐकलं. आमची होडी हौदात टाकलेल्या परातीसारखी खाली गेली. लव्हाळा तेवढा वर राहिला. आक्का ओरडली, मी ओरडलो. आबा एकदा वर आले आणि घोंगड्यासकट परत खाली गेले. दाजींनी बंदूक सोडली, बुडी मारली आणि आबांना केसांना धरून वर काढलं. धरणात बुडालेल्या एका झाडाचा वाळका शेंडा पाण्यावर होता. त्याला एका हातानं धरून, दुसऱ्या हातात आबा, असे ते राहिले, ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन लोक पोचेपर्यंत.

आबा वाचले. छातीत पाणी गेल्यामुळं बरेच दिवस दवाखान्यात होते. पण बंदूक तळाला गेली होती आणि परवान्याची बंदूक हरवली की पोलीस विचारणारच. पोलिसांपाठोपाठ जंगलखातं आलं. दाजींचा परवाना गेला, चौकीच्या फेऱ्या सुरू झाल्या. आबांनाही चौकीत बसवलं, ते त्यांना फार लागलं. दाजींचे भाऊ दवाखान्यातच म्हणाले की तुमच्या म्हाताऱ्यापायी आमची बंदूक गेली. आबा खाटेवरून म्हणाले, “मी बसा म्हणत हुतो. ज्यानं उभं राहून मला पाण्यात घातलं त्यो माझ्या दारात नगं.” दाजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. आबांना त्यांनीच वर काढलं होतं, पण होडी त्यांच्या बारानं बुडाली हे सगळ्या गावाला पटलं होतं आणि त्यांना स्वतःलाही. मी तिथंच पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो.

आक्काला एकटीनं यायला कुणाची मनाई नव्हती. पण नवऱ्याला ज्या दारात मान नाही तिथं ती गेली नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरलं, गाळात रुतलेली होडी दिसली, आणि आबांनी ती ओढून आणून गोठ्यात गव्हाण म्हणून लावली. दर भाऊबीजेला मीच आजऱ्याला जाऊ लागलो. आक्का ओवाळायची, ताटात वासाच्या तांदळाचा भात आणि काजूची उसळ वाढायची, आणि मी जेवायला लागलो की विचारायची, “आई काय म्हणतिया? आबांची छाती बरी हाय?” दाजी पलीकडं पेपर वाचत असल्यासारखे बसलेले असायचे, पण पान उलटायचं नाही. आज बोलायचं असं ठरवून मी दरवर्षी एसटीत बसायचो. दरवर्षी न बोलता परत यायचो. शिकलो, कोल्हापुरात नोकरी लागली, राजारामपुरीत फ्लॅट घेतला, मुलं झाली. आई गेली. आक्का मातीला आली आणि पाणीसुद्धा न पिता परत गेली.

मागच्या हिवाळ्यात दाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन राजारामपुरीतच झालं आणि आक्का नि ते चार दिवस आमच्याकडं राहिले. एका संध्याकाळी डोळ्यावर काळा चष्मा लावून दाजी गॅलरीत बसले होते, खाली रिक्षांचा गोंधळ चालला होता. मी चहा दिला. ते म्हणाले, “बाळू, मला आबांकडं घेऊन चल. म्हाताऱ्याचं वय झालं, माझं बी झालं. पाया पडून माफी मागतो. हाकललं तर दारातनं परत येऊ.” ते पुढं म्हणाले, “तुझी बी मागायची ऱ्हायली की. तुझा बाप मी बुडवत हुतो.” त्यांनी खरोखरच माझ्यापुढं हात जोडले. मी ते हात धरून खाली केले आणि उद्या जाऊ म्हणालो. त्या क्षणी बोलायला हवं होतं. पण मला वाटलं, बोलायचं तर आबांच्या समोर, सगळ्यांना एकदमच. की अजून एक दिवस मिळावा असं वाटलं, मला सांगता येत नाही.

आबा अंगणात खुर्चीत उन्हाला बसले होते. त्यांना आता ऐकू कमी येतं. गाडी थांबली, आक्का उतरली आणि अंगणाच्या कडेला थबकली.

“कोन हाय?” आबांनी विचारलं.

“मी हाय आबा. आणि ह्ये बी आल्यात.”

आबा उठून आत गेले नाहीत. दाजींनी चपला काढल्या, चष्मा सावरला आणि वाकायला लागले. मी त्यांचा दंड धरला.

“थांबा दाजी. तुमी पडायचं न्हाय.” मग मी आबांकडं वळलो. “आबा, होडी दाजींमुळं बुडाली न्हाय. बैठकांत थर्माकोल हुता, त्यो म्या काढला.”

“आं? मोठ्यानं बोल.”

आयुष्यभर जे हळू आवाजातही बोललो नव्हतो ते मला ओरडून सांगावं लागलं. “मखराला असतंय बघा पांढरं, त्ये. होडीत पाणी शिरलं तरी त्येच्यानं ती तरंगतिया. त्ये सगळं म्या तालमीच्या गणपतीला दिलं. म्हणून ती तळाला गेली.” शेजारची काकू भांडी घासायची थांबून कुंपणाशी आली होती. एकदा सुरू झाल्यावर मला इतकं हलकं वाटायला लागलं की मी तेच परत एकदा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

आबा खुर्चीत पुढं सरकले. “म्हंजे त्यो पयला नंबर आलता, त्यो?”

“व्हय.”

दाजी पायरीवर बसले. “मोकळंच हुतं म्हणालतास की रं,” ते म्हणाले. “इचारलंतं मी तुला.”

“व्हय दाजी. इचारलंतं. खोटं बोललो.”

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “त्यो बार मी मनात किती येळा काढलाय. बसून काढला असता तर. दुसरीकडं झुकून काढला असता तर.” मग मोठा श्वास सोडून म्हणाले, “चला. म्हंजे बार काय एवढा वाईट न्हवता.”

“वाईटच हुता,” आबा म्हणाले. “एक बदाक पडलं न्हाय.”

इतक्या वर्षांत आबा दाजींशी बोललेलं हे पहिलं वाक्य. दाजी हसले, हसू नका असं डॉक्टरनं सांगितलं असावं तसे जपून, आणि मग जपायचं सोडून. आबांनी हातातल्या काठीनं शेजारच्या कट्ट्याकडं खूण केली, बसा म्हणून. मी दाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाठीवर एक थाप मारली, चांगलीच जोरात, आणि “ऊठ,” म्हणाले.

आक्का हसली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत बघत, पिशवी अजून हातातच. मी जवळ गेलो तरी तिनं वळून बघितलं नाही. “हसा तुमी सगळं,” ती हळू म्हणाली. “हितं आई बसायची.”

दाजींना काय म्हणायचं हे मी वर्षानुवर्षं घोकलं होतं. तिला काय म्हणायचं याचा मी कधी विचारच केला नव्हता, आणि खरं देणं तिचंच होतं हे त्या दारात उभं राहिल्यावर मला कळलं. “आक्का,” मी म्हणालो, “चूक म्या केली आणि म्हायेर तुझं गेलं. आईच्या शेवटी तू हितं असायला पायजे हुतीस, ती माझ्यामुळं न्हवतीस. दरवर्षी तुझ्या हातचं जेवलो आणि गप बसलो. भ्या वाटत हुतं म्हणून, दुसरं काय कारण न्हाय. चुकलं माझं. मला माफ कर.”

आक्कानं हातातली पिशवी आत नेऊन चुलीपाशी ठेवली.